मधल्याचं माप

माझी मावशी गेली एकतीस वर्षं पुरुषांचे कोट शिवते, आणि या एकतीस वर्षांत तिनं एकाही माणसाचं माप कागदावर उतरवलेलं नाही. गळ्यात टेप असते, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस दारातून आत येऊन आरशापर्यंत पोचेस्तोवर तिचं निम्मं काम झालेलं असतं. टेप लावून ती फक्त खात्री करून घेते.

एकदा एक गृहस्थ नऊ वर्षांनी दुकानात आले. मावशी म्हणाली, "तुमचं जुनं माप आहे माझ्याकडे." ते म्हणाले, "बघू वही." मावशी म्हणाली, "वही नाही. छाती अडतीस, बाही चोवीस, आणि मापाच्या वेळी तुम्ही पोट आत ओढून धरलं होतं, म्हणून मी एक इंच जास्त धरलं." गृहस्थांनी हळूच पोट सैल सोडलं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून दुकानात इस्त्री करतात. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लावल्यामुळे असेल, ते स्वतः फार बोलत नाहीत. वर्षातून एकदा मात्र म्हणतात, "अगं, एक वही कर." मावशीचं उत्तर ठरलेलं: "वही हरवते. डोकं कुठं हरवतंय?"

ते डोकं एका मंगळवारी हरवलं, आणि ते मीच हरवलं, म्हणून हे सगळं मला सांगायला हवं.

मी विद्यापीठात संशोधन करते. माणूस अचानक घाबरला की त्याच्या अंगात काय होतं आणि त्याच्या आठवणीचं काय होतं, हा माझा विषय. घरी हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "त्यात शोधायचं काय? घाबरलं की विसरतं." मी म्हटलं, "हो, पण का, किती आणि काय काय?" ती म्हणाली, "या तीन प्रश्नांसाठी तुला पाच वर्षं पगार देतात?"

माझ्या प्रयोगाला पन्नाशीच्या पुढच्या बाया हव्या होत्या आणि त्या मिळत नव्हत्या. जाहिरात लावली, चहा ठेवला, कोणी फिरकेना. शेवटी मावशीलाच गळ घातली. नातेवाइकांना घेऊ नये असा नियम तेव्हा आमच्या विभागात नव्हता. आता आहे, आणि तो कोणामुळे झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"करायचं काय असतं?" तिनं विचारलं.

"सोमवारी तीस शब्द पाठ करायचे. मंगळवारी परत यायचं, थोडं बोलायचं, थोडं गणित करायचं, थोडं थुंकायचं."

"थुंकायचं?"

"कापसाची सुरळी तोंडात धरायची. लाळेतून कळतं किती टेन्शन आलं ते."

"मला कसलं टेन्शन येतंय," मावशी म्हणाली. "बाकी तुम्हा लोकांचं बरं आहे. रस्त्यावर थुंकलं की दंड, तुमच्याकडे थुंकलं की विज्ञान."

सोमवारी तिनं तीस शब्द पाठ केले. चमचा, पूल, शेळी, पावती, असले काहीही संबंध नसलेले शब्द. विचारलं तेव्हा अठ्ठावीस बिनचूक सांगितले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं त्यांच्याकडे पाहून, त्यांच्या शर्टांचे खांदे कसे चुकलेत ते एकेकीला सांगितलं आणि घरी गेली.

मंगळवारचं तिला आधी पूर्ण सांगणं शक्य नव्हतं. सांगितलं तर घाबरणार कोण? ते असं असतं. खोलीत एक लांब टेबल. टेबलापलीकडे पांढरे कोट घातलेली तीन परीक्षक माणसं. एक कॅमेरा. समोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, एखाद्या मोठ्या जागेवर तुमचीच नेमणूक का करावी ते पटवून द्यायचं. परीक्षकांना सक्त ताकीद असते: हसायचं नाही, मान हलवायची नाही, 'छान' म्हणायचं नाही. दोघी बाया ठीक होत्या, पण मधला परीक्षक म्हणजे आमचा हुकमी एक्का. हा विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागातला कारकून. उंच, काटकुळा, आणि चेहरा असा की सुतारानं रंधा मारून ठेवलेला. त्याला मी त्या चेहऱ्यासाठीच निवडलं होतं.

मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होते. मावशी आत आली, टेबलाजवळ गेली आणि म्हणाली, "नमस्कार. बसू का?"

"उभं राहूनच बोलायचं आहे," मधला म्हणाला.

"एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात मुख्य म्हणून मला का घ्यावं," मावशीनं सुरुवात केली, "तर मी एकतीस वर्षं कोट शिवते. माझा कोट कधी परत आलेला नाही." थांबली. समोर तीन चेहरे. तिच्या दुकानात एवढ्यात कोणीतरी 'वा' म्हटलं असतं. "कोट परत आलेला नाही," ती पुन्हा म्हणाली. "म्हणजे, एक आला होता, पण तो गृहस्थच बारीक झाले होते. आजारपणामुळे. नंतर ते गेले." पुन्हा थांबली. "कोटामुळे नाही गेले."

मधल्यानं कागदावर काहीतरी लिहिलं.

"तुमचा वेळ अजून शिल्लक आहे," तो म्हणाला.

साडेतीन मिनिटं शिल्लक होती. मावशीचा हात गळ्याकडे गेला. तिथं टेप नव्हती. ती टेप आणायला मीच नको म्हटलं होतं. उरलेल्या वेळात ती दोन वाक्यं बोलली, आणि त्यातलं एक "इथं गरम होतंय का हो?" हे होतं.

मग गणित. एक हजार सत्त्याऐंशीतून तेरा तेरा वजा करत जायचं, चुकलं की पहिल्यापासून. मावशी पाव पाव इंचाचे हिशेब झोपेत करते. ती म्हणाली, "एक हजार चौऱ्याहत्तर. एक हजार एकसष्ट. एक हजार अठ्ठेचाळीस. एक हजार छत्तीस."

"चूक. पुन्हा एक हजार सत्त्याऐंशीपासून."

दुसऱ्यांदा ती एकसष्टवर अडकली. तिसऱ्यांदा तिनं "साडेचौऱ्याहत्तर" म्हटलं. चौथ्यांदा तिनं मधल्याकडे रोखून पाहिलं, आणि पाहतच राहिली. पडद्यावर मला वाटलं, ही आता त्याला काहीतरी सुनावणार. पण ती नुसती बघत होती, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. वेळ संपल्याची घंटा झाली.

बाहेर आल्यावर कापूस दिला तर तिच्या तोंडात लाळच नव्हती. "विहीर आटली," ती कसंबसं म्हणाली. वीस मिनिटांनी आदल्या दिवशीचे शब्द विचारले. अठ्ठावीसातले अकरा आले. "शेळी होती," ती म्हणाली, "शेळीच्या आजूबाजूला कोणीतरी होतं." शेवटच्या फॉर्मवर काकांचा फोन नंबर लिहायचा होता. तिनं मोठ्या विश्वासानं वीज बंद पडल्यावर तक्रार करायचा नंबर लिहिला.

आता इथं माझी चूक झाली. प्रयोग संपला की परीक्षकांनी बाहेर येऊन हसायचं, हे सगळं मुद्दाम होतं असं समजावून सांगायचं, माणसाला शांत करून मगच घरी सोडायचं, असा आमचा रिवाज. पण पुढच्या बाई अर्धा तास आधीच येऊन बसल्या होत्या. मी घाईघाईनं म्हटलं, "मावशी, छान झालं, ते तसंच असतं, संध्याकाळी फोन करते." ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. दुकान तिथून पंधरा मिनिटांवर. दुकानात टेबलावर दातांच्या डॉक्टरांचं कापड तिची वाट बघत पडलं होतं.

हे डॉक्टर मावशीचे जुने गिऱ्हाईक. ठेंगणे, गोल, हसतमुख. त्यांना सगळ्या दंतवैद्यांच्या सभेत भाषण करायचं होतं आणि त्यासाठी नवा कोट हवा होता. कापड त्यांनी स्वतः आणलेलं, गडद निळं, आणि भरपूर. "माझ्या बाबतीत कापड नेहमी कमी पडतं," असं म्हणून ते दरवेळी दोन कोटांचं आणतात.

मावशी आली, पाणी प्यायली, कात्री घेतली. काका सांगतात, एवढ्या झपाट्यानं खडू मारताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. "जरा दम खा," ते म्हणाले. ती म्हणाली, "आज आकडे नुसते डोळ्यांपुढे नाचतायत." आणि तिनं कापायला घेतलं.

शनिवारी डॉक्टर कच्चा कोट घालून बघायला आले. त्यांनी हात घातला. हात आत गेला आणि बाहेर आलाच नाही. बाहीच्या टोकापाशी कुठंतरी बोटं चाचपडत होती. पुढचे दोन्ही काठ एकमेकांकडे दोन फुटपाथांवरून बघावं तसे बघत होते. खांदा मात्र उजव्या बाजूला अर्धा इंच खाली उतरवलेला, अगदी नजाकतीनं.

काकांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एका रुमालाचा जीव गेला.

"मी इतका उंच झालो असतो," डॉक्टर शेवटी आरशाला म्हणाले, "तर आईला फार आनंद झाला असता."

मावशी स्टुलावर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "डॉक्टर," ती म्हणाली, "तुमचं माप मला आठवत नाहीये. म्हणजे आता आठवतंय, छाती चव्वेचाळीस, पोट सेहेचाळीस, बाही साडेबावीस. पण त्या दिवशी हे कापताना मला वाटलं, हेच बरोबर आहे. माझं डोकं कामातून चाललंय बहुतेक."

डॉक्टरांनी दुसरी बाही सोडवत विचारलं, "त्या दिवशी काही झालं होतं का? भांडण, अपघात, वाईट बातमी?"

"भाचीकडे थुंकायला गेले होते."

डॉक्टरांना हे समजायला जरा वेळ लागला. मावशीनं सगळं सांगितल्यावर ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "ताई, माझ्या खुर्चीत माणूस बसतो ना, तेव्हा निम्म्या लोकांना कुठली दाढ दुखतेय ते सांगता येत नाही. आठ दिवस त्या दाढेनं जीव नकोसा केलेला असतो. दिवा डोळ्यांवर आला की म्हणतात, डावी. मग म्हणतात, नाही, वरची. एकानं तर मला स्वतःचं आडनाव चुकीचं सांगितलं. पण माझ्या भिंतीवर कुठल्या चित्राची चौकट वाकडी आहे ते त्यांना पाच वर्षांनीही आठवतं. म्हातारपणाचं विसरणं असं नसतं. तुम्ही आधी भाचीला बोलवा. आणि दुसरा कोट कापा, कापड आहे."

"मी नाही कात्री धरणार," मावशी म्हणाली.

काकांनी मला फोन केला. काका फोनवर साधारण चार शब्द बोलतात. या वेळी पाच बोलले: "तू काय केलंस गं तिला?"

मी धावत गेले. मावशी तशीच बसलेली. मांडीवर तो निळा कोट. "हे बघ," ती म्हणाली. "छाती छत्तीस. बाही सव्वीस. खांदा साडेसतरा, उजवा अर्धा इंच खाली. आकडे पक्के आहेत, ते कुठून आले तेवढं कळत नाही. असा माणूस माझ्याकडे कधी आलेला नाही. हे माप कोणाचं आहे?"

मी कोट हातात घेतला. लांब, सरळ, एक खांदा उतरलेला. रोज सकाळी जाडजूड फायलींची पिशवी उजव्या खांद्याला लावून येणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. मला हसू आवरेना, आणि ते हसू चुकीच्या वेळी आलंय हेही कळत होतं.

"मावशी," मी म्हटलं, "हा मधला आहे."

"कोण मधला?"

"टेबलापलीकडचा. चूक, पुन्हा पहिल्यापासून, म्हणणारा."

तिनं कोटाकडे पाहिलं. मग डोळे मिटले. "हो," ती हळूच म्हणाली. "हाच तो. नुसतं बघून माप घेतलं मी त्याचं. दुसरं काय करणार, हात मोकळे होते."

मग मी तिला जे मंगळवारीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. माणूस घाबरला की आधी एक रसायन धावत येतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, अंग पळायला तयार होतं. त्याच्या मागून दुसरं येतं, कॉर्टिसॉल नावाचं, ते सावकाश चढतं. वीस-तीस मिनिटांनी त्याचा जोर असतो आणि उतरायला तासभर किंवा जास्तच लागतो. ते चढलेलं असताना जुनं साठवलेलं पटकन हाताला लागत नाही. पण ज्या गोष्टीनं घाबरवलं, ती मात्र नेहमीपेक्षा घट्ट बसते. जिवावर बेतलं तर तेवढंच लक्षात ठेवणं उपयोगाचं, असा शरीराचा हिशेब.

मावशीनं शांतपणे ऐकलं. "म्हणजे कोठीला कुलूप," ती म्हणाली, "आणि दारात जो उभा, त्याचंच माप."

"अगदी."

"आणि कुलूप नंतर निघतं?"

"निघालंय की. डॉक्टरांचे आकडे तू आत्ताच सांगितलेस म्हणे."

तिनं निळा कोट घडी करून बाजूला ठेवला. मग उठली आणि काकांना म्हणाली, "अहो, ते उरलेलं कापड काढा." काकांनी कापड इतक्या तत्परतेनं काढलं की मला वाटलं ते केव्हाचे हातात धरूनच उभे होते. दुसरा कोट तिनं माझ्यासमोर कापला. पण कापण्याआधी, थांबून राहिलेल्या डॉक्टरांना दोनदा जवळ बोलावून टेप लावली. आकडे तेच निघाले. डॉक्टर दुसऱ्यांदा म्हणाले, "ताई, माझी छाती तीच आहे, धीर तुमचा मोजा."

पंधरा दिवसांनी मावशीला प्रयोगाच्या दुसऱ्या भागासाठी यायचं होतं. त्यात परीक्षक नसतात. रिकाम्या खोलीत स्वतःशी मोठ्यानं बोलायचं, सोपं गणित, मग नवे शब्द. मला वाटलं ती येणार नाही. ती आली, हातात कापडी पिशवी घेऊन. तीसपैकी सत्तावीस शब्द सांगितले, कापूस चिंब करून दिला आणि म्हणाली, "आता तो मधला कुठंय?"

मी म्हटलं, "मावशी, त्याला काही बोलू नकोस. तो फक्त त्याचं काम करत होता."

"मी त्याला काय खाणार आहे का? बोलाव."

मधला आला. मावशीला पाहून दारातच थबकला. तिनं पिशवीतून निळा कोट काढला. आता तो पूर्ण झाला होता, अस्तर, बटणं, सगळं. "घाला," ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं कोट चढवला, आणि मी सांगते, एवढा चपखल बसलेला कोट मी जन्मात पाहिला नाही. खांदा जिथं उतरायला हवा तिथं उतरला होता, त्यामुळे तो उतरलेला दिसतच नव्हता. त्यानं बाही बघितली, खिशात हात घातला, बाहेर काढला. आणि मग तो हसला. दोन वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

"बाई," तो म्हणाला, "मला माफ करा. त्या दिवशी तुम्ही त्या वारलेल्या गृहस्थांचं सांगत होता तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण मला हलायची परवानगी नव्हती."

"कागदावर काय लिहिलंत तेव्हा?"

"काही नाही. मी रेघा मारतो. हात थरथरतात म्हणून."

मला हे नवीन होतं. पण मग आठवलं, आमची यंत्रं नीट चालतायत का ते बघायला मी सुरुवातीला परीक्षकांचीही लाळ तपासली होती. एक नळी इतकी वर गेली होती की मला वाटलं यंत्रच बिघडलं. मी ती फेकून दिली होती. नळी मधल्याची होती.

"मग कशाला करता हे?" मावशीनं विचारलं.

"मला चारचौघांत उभं राहून बोलायची फार भीती वाटते," तो म्हणाला. "इथं निदान उभं दुसरं कोणीतरी असतं."

मावशीनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "कोट तुमचाच आहे. माझ्या डोक्यातून तुम्ही जात नव्हता, म्हणून शिवून बाहेर काढला."

त्यानंतर आठवड्याभरात मधल्यानं परीक्षकाचं काम सोडलं. आता त्याला येताजाता लोक कोटाबद्दल विचारतात, तो हसून उत्तरं देतो, आणि त्या चेहऱ्याचा आमच्या कामाला काही उपयोग उरलेला नाही. माझा प्रयोग अडला. तेव्हा कोणाला सुचलं कोण जाणे, बहुतेक मलाच, की मधल्याच्या जागी मावशीला बसवावं. तिचं स्वतःचं सगळं करून झालं होतं, आणि गिऱ्हाइकाकडे बघताना तिचा चेहरा तसा करडाच असतो.

पांढरा कोट तिनं आधी घरी नेऊन दुरुस्त करून आणला. पहिल्या दिवशी समोर आल्या त्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. पहिलं मिनिट मावशी दगडासारखी बसली. मी पडद्यापुढे मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. दुसऱ्या मिनिटाला बाईंचा आवाज कापायला लागला. "मी वीस वर्षं नकाशे," एवढं म्हणून त्या थांबल्या आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला.

"अगं बाई, बस आधी," मावशी म्हणाली आणि स्वतःची खुर्ची टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी घेऊन गेली. "पाणी पी. घाई नाही. तासा-दीड तासानं सगळे नकाशे परत येतात. या दोघी पण मुद्दाम तोंड पाडून बसल्यात, त्यांच्याकडे बघू नकोस."

दोघी परीक्षक हसल्या. भूगोलाच्या बाई आधी रडल्या, मग हसल्या. कॅमेरा चालूच होता.

त्या दिवशीचा कागद मला काढून टाकावा लागला. मावशीला मी त्याच दिवशी कामावरून काढलं, आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. "तुमच्या त्या खुर्च्यांना पाठ नाही नीट," एवढंच म्हणाली.

भूगोलाच्या बाई पुढच्या आठवड्यात पत्ता शोधत दुकानात गेल्या. मावशीनं सवयीनं टेप उचलली. त्या म्हणाल्या, "मला शिवायचं काही नाही हो. जरा बसायला आले." काकांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि स्टूल पुढे केलं.